चार्जर लावलेला असतानाही लॅपटॉपची बॅटरी उतरते, बॅटरी बदलू का?

तासगावची | २४ मार्च, सकाळी ११:१०

नमस्कार मंडळी. तासगावात एका अडत दुकानात मी हिशोब बघते. बेदाण्याचा हंगाम आणि मार्चअखेर एकाच वेळी आलेत. सौदा झाला की शेतकऱ्याच्या हातात त्याच दिवशी पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, पडली पाहिजे, आणि नेमका आत्ताच लॅपटॉप अडून बसलाय.

तक्रार अशी आहे. चार्जर लावलेला असतो, खाली कोपऱ्यात बॅटरीच्या चित्रावर प्लगची खूण दिसते, तरी टक्के उतरतच जातात. काल सकाळी १० वाजता ९१ होते, दुपारी १ ला ४३. पावणेचारला लॅपटॉप बंद पडला आणि अर्धी भरलेली पट्टी गेली. ते काका कवठेमहांकाळहून आले होते, त्यांची एसटी चुकू नये म्हणून शेवटी हाताने लिहून दिली. फार वाईट वाटलं.

लॅपटॉप तीन वर्षांचा, साधा ऑफिसकामाचा, पंधरा इंची. गंमत म्हणजे घरी नेला की नीट चालतो, दुकानात आणला की उतरतो. दुरुस्तीवाल्याने नुसता बघून सांगितलं, बॅटरी गेली, ४,२०० रुपये होतील. बदलू का?

मिरज जंक्शन | २४ मार्च, सकाळी ११:४८

ताई, थांबा. आज पैसे देऊ नका.

मी मिरजेत लॅपटॉपचे बोर्ड दुरुस्त करतो. "बॅटरी बदलली तरी तसंच आहे हो" म्हणत माणसं येतात तेव्हा खरंच जीव हळहळतो. बॅटरी म्हातारी झाली की भराभर उतरते हे खरं, पण ते चार्जर काढल्यावर. चार्जर लावलेला असताना लॅपटॉपला लागणारी वीज चार्जरने पुरवायची असते, आणि उरलेली बॅटरीत जायची असते. टक्के उतरतायत म्हणजे भिंतीकडून येणारी वीज कमी पडतेय आणि तूट बॅटरी भरून काढतेय. टाकीत वरून येणारा नळ बारीक आणि खालची तोटी मोठी असली तर टाकी नवी आणून काय होणार?

तेव्हा भिंतीपासून सुरुवात करू, बॅटरीपाशी सगळ्यात शेवटी येऊ. मला एवढं सांगा. लॅपटॉप पूर्ण बंद करून रात्रभर लावला तर सकाळी किती भरतो? चार्जर लॅपटॉपबरोबर आलेला आहे की नंतर घेतलेला? त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत 'आउटपुट' म्हणून जे छापलंय ते जसंच्या तसं इथे लिहा. आणि दुकानात त्या चार्जरला, त्या लॅपटॉपला आणखी काय काय जोडलेलं असतं? क्षुल्लक वाटलं तरी लिहा.

विट्याचा माग | २४ मार्च, दुपारी १२:२०

घरी चालतो आणि दुकानात नाही म्हणजे व्होल्टेजच असणार. आमच्याकडे माग सुरू झाले की १७० वर येतं. जवळपास कोल्ड स्टोरेज असेल तर तुमच्याकडेही तेच होत असेल. मी लॅपटॉपसाठी स्टॅबिलायझर बसवून घेतला.

कृष्णाकाठ | २४ मार्च, दुपारी १:०५

वीज खात्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून हे अधिकाराने लिहितो. कमी व्होल्टेजने पंपाची मोटार जळते, ट्यूब लुकलुकते, पण लॅपटॉपच्या चार्जरला त्याचं फारसं काही वाटत नाही. चार्जरवर 'इनपुट १००–२४० व्होल्ट' छापलेलं असतं ते वाचा. २३० आले काय आणि १७० आले काय, तो बाहेर ठरलेलेच व्होल्ट देतो. कमी व्होल्टेजला आत करंट जास्त ओढतो, थोडा जास्त तापतो, इतकंच. स्टॅबिलायझर फ्रिजला ठेवा.

मात्र ढिल्या सॉकेटकडे माणसं बघतच नाहीत. प्लग सॉकेटात हलतो का, कान लावला तर आतून किरकिर येते का, आणि प्लग काढल्याबरोबर पिना बोटाला चटका देतात का, हे पाहा. पिनेच्या मुळाशी तपकिरी डाग असेल तर ते सॉकेट आजच बदला, कारण तिथे आग लागते. सांगलीच्या गावभागात २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे बोर्ड पाण्याखाली गेले, २०२१ ला काहींचे पुन्हा गेले. पुष्कळांनी वरून पुसून, भिंतीला रंग देऊन तेच चालू ठेवले. आतल्या पट्ट्या काळ्या पडलेल्या, दाब गेलेला. अशा बोर्डावर चार्जर दर क्षणाला बंद-चालू होतो. ताई, तुमच्या प्लगची खूण येते-जाते का, की कायम टिकून असते?

भिलवडी | २४ मार्च, दुपारी १:३०

बाकी काही करण्याआधी लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून बघा, डुगडुगतो का? टचपॅड वर आल्यासारखा, दाबायला कडक झालाय का? माझा झाला होता आणि मी महिनाभर तसाच वापरला. उघडल्यावर आत बॅटरी उशीसारखी फुगलेली. तसं असेल तर तो चार्ज करू नका, दाबू नका, टोचू तर मुळीच नका. आणि जुनी बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, म्हणून विकणाऱ्यालाच ती घ्यायला लावा.

तासगावची | २४ मार्च, दुपारी ४:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. एकेक सांगते.

भिलवडी, लॅपटॉप सपाट बसतो, टचपॅड नीट आहे. कृष्णाकाठ काका, प्लगची खूण कायम असते, सॉकेट घट्ट आहे, पिना गरम नाहीत. शेजारच्या दुकानाच्या बोर्डावर लावून पाहिला, तिथेही उतरला.

मिरज दादा, घरी रात्री बंद करून लावला की सकाळी १००. मूळचा चार्जर दिवाळीत मानेपाशी तुटला, आतल्या तारा दिसायला लागल्या म्हणून टाकून दिला. त्यावर २० व्होल्ट, ३.२५ अँपिअर असं होतं, फोटोत सापडलं. नवा पांढरा चौकोनी टाइप-सीचा घेतला, खोक्यावर मोठ्या अक्षरांत ६५ वॉट आहे. त्याला तीन भोकं आहेत. पोटावरची अक्षरं इतकी फिकट आहेत की उजेडात तिरपा धरल्यावरच दिसतात. लिहिलंय : सी१ एकटा ६५ वॉट, सी२ एकटा ६५ वॉट, सी१ अधिक सी२ मिळून ४५ वॉट अधिक २० वॉट.

जोडलेलं म्हणाल तर दुकानातल्या नेटचा भरवसा नाही, म्हणून दिवसभर फोनच्या हॉटस्पॉटवर काम करते आणि फोन त्याच चार्जरला लावलेला असतो. लॅपटॉपला माउस, प्रिंटर आणि यूएसबीवर चालणारा छोटा पंखा. वर पत्रा आहे, पंख्याशिवाय बसवत नाही. आणखी एक, याचा काही संबंध असेल असं वाटत नाही, पण क्षुल्लकही लिहा म्हणालात म्हणून लिहिते. फोन चार्जिंगला लावला की लॅपटॉपचा पडदा क्षणभर मंद होऊन परत उजळतो.

मिरज जंक्शन | २४ मार्च, दुपारी ४:४०

सापडलं ताई! क्षणभर मंद होतो, त्यातच सगळं उत्तर आहे.

टाइप-सी चार्जर आणि लॅपटॉप केबलमधून आपसात बोलणी करतात. त्या पद्धतीला पीडी म्हणतात. चार्जर म्हणतो माझ्याकडे एवढे व्होल्ट, एवढे अँपिअर आहेत, लॅपटॉप त्यातलं एक निवडतो. दुसऱ्या भोकात फोन लागला की चार्जर ती बोलणी मोडतो, क्षणभर वीज थांबते आणि नव्याने वाटणी होते. तेवढ्या वेळात लॅपटॉप बॅटरीवर जातो आणि पडदा मंद करतो. मग वीज परत येते, पण वाटणीनंतरची, म्हणजे कमी. प्लगची खूण मात्र तीच दिसते, कारण वीज चालू आहे की नाही एवढंच ती खूण सांगते. किती येतेय ते ती सांगत नाही.

आता एकच सांगा, लॅपटॉप सी१ मध्ये आहे की सी२ मध्ये?

तासगावची | २४ मार्च, दुपारी ४:५२

सी२ मध्ये. फोनची केबल आखूड, म्हणून फोन वरच्या सी१ ला.

मिरज जंक्शन | २४ मार्च, संध्याकाळी ५:०५

म्हणजे फोनला ४५ वॉटचं भोक आणि लॅपटॉपला २० चं. घरी फोन वेगळ्या चार्जरला लावत असाल, तिथे लॅपटॉपला पूर्ण ६५ मिळतात म्हणून घरी चालतो. दुकानाच्या विजेचा काही दोष नाही.

पण माझ्या शब्दावर जाऊ नका, मोजून बघा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बोटाएवढा टाइप-सी टेस्टर असतो, तो चार्जर आणि केबलच्या मध्ये लावतात, पडद्यावर व्होल्ट आणि अँपिअर दिसतात. दोन्हींचा गुणाकार म्हणजे वॉट. तासाभरासाठी मागून आणा. शिवाय विंडोजच्या काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, पॉवरसीएफजी, एक जागा सोडून तिरपी रेघ, बॅटरीरिपोर्ट अशी कमांड इंग्रजीत टाइप करा : powercfg /batteryreport. एक अहवाल तयार होतो. त्यातल्या डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी या दोन ओळी इथे टाका. बॅटरी खरंच गेलीय का तेही त्यातच कळेल.

अजिंक्यतारा | २४ मार्च, संध्याकाळी ६:३०

ताई, केबल पण बदला. साध्या केबलमधून ६५ वॉट जात नाहीत, १०० वॉटची ५ अँपिअरवालीच लागते. मी साताऱ्यात पोवई नाक्यावरून घेतली.

मिरज जंक्शन | २४ मार्च, संध्याकाळी ६:४४

भावा, अर्धं बरोबर आहे. टाइप-सी ते टाइप-सी केबल नियमाप्रमाणे बनवलेली असेल तर ३ अँपिअर नेतेच, म्हणजे २० व्होल्टला ६० वॉट. त्याच्या वर जायचं असेल तर केबलच्या टोकात एक चिप लागते, ती "मी ५ अँपिअर पेलते" असं चार्जरला कळवते. चिप नसेल तर चार्जर ३ अँपिअरवर थांबतो. ६५ ऐवजी ६० मिळाले तर ताईंच्या लॅपटॉपला काहीच फरक पडत नाही. १०० वॉटच्या चार्जरला मात्र तुझी केबल हवीच.

तासगावची | २५ मार्च, दुपारी १२:४०

टेस्टर मिळाला. मोबाइलवाल्या भावाने आपणहून दिला, संध्याकाळी परत करायचाय.

लॅपटॉप सी२ मध्ये, फोन सी१ मध्ये : ९ व्होल्ट, २.१ अँपिअर, म्हणजे १९ वॉट. फोन काढला, लॅपटॉप सी१ ला लावला. आकडे शून्यावर गेले, दोन क्षण तसेच राहिले, माझा श्वास अडकला. मग ५, आणि एकदम २०.१ व्होल्ट, २.३ अँपिअर, ४६ वॉट. काम चालू ठेवून ३१ टक्क्यांवरून तासाभरात ८० वर गेला!

अहवाल : डिझाइन ४५,००० मिलिवॉट-तास, फुल चार्ज ३८,२०० मिलिवॉट-तास.

मिरज जंक्शन | २५ मार्च, दुपारी १:२५

बघा, तीन वर्षांनंतर बॅटरी अजून ८५ टक्के शाबूत आहे. हिलाच फेकायला निघाले होते.

हिशोब तुमचाच प्रांत आहे, तरी मांडतो, म्हणजे पुढे कुणालाही आपल्या लॅपटॉपचा मांडता येईल. तुमचे ३ तासांत ४८ टक्के उतरले. ३८.२ वॉट-तासांचे ४८ टक्के म्हणजे साधारण १८.३. त्याला ३ ने भागलं की ६ वॉट. एवढी तूट दर तासाला बॅटरी भरत होती. चार्जरकडून १९ येत होते, त्यातले थोडे उष्णतेत जाऊन लॅपटॉपला १८ च्या आसपास मिळत होते. म्हणजे तुमचा लॅपटॉप कामात २४ वॉट खातो. त्या २४ मध्ये तुमचा पंखाही आला, असले छोटे पंखे ३-४ वॉट सहज घेतात. फोन आणि पंखा दोन्ही मोबाइलच्या जुन्या चार्जरवर टाका, लॅपटॉप सी१ वर एकटा राहू द्या.

पुढे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी करून सांगतो, कारण यात लोक फार घाबरतात. टक्के उतरणं आणि टक्के अडकणं हे दोन निराळे प्रकार आहेत. ६० किंवा ८० वर येऊन तिथेच थांबत असेल तर बहुतेक वेळा बॅटरी जपण्याची सोय चालू असते. कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, ती असते, आणि दिवसभर चार्जरवरच काम करणाऱ्याने ती चालूच ठेवावी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली बॅटरी तापली तरी चार्जिंग थांबतं. लिथियम-आयन बॅटरी साधारण ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणून लॅपटॉप स्वतःच थांबवतो, गार झाला की परत घेतो. गादीवर, पोत्यावर, बेदाण्याच्या पेटीवर ठेवू नका, खालची जाळी बंद होते.

माणदेशी | २५ मार्च, रात्री ९:१०

मिरज दादा, माझं बी बघा की. जतजवळ शाळेवर आहे. माझा लॅपटॉप जुना, गोल पिनेचा चार्जर, टाइप-सी नाही. चार्जर लावला की प्लगची खूण येते, पण 'नॉट चार्जिंग' म्हणतो, टक्के हळूहळू खाली जातात आणि मशीन लई मंद चालतं. चालू करताना इंग्रजीत अडॅप्टर ओळखता येत नाही असं काहीतरी येतं, मी एंटर दाबून पुढं जातो. मल्टिमीटर लावला तर १९.५ व्होल्ट बरोब्बर येतात. मग चार्जर चांगलाच म्हणायचा ना?

मिरज जंक्शन | २५ मार्च, रात्री १०:०२

गुरुजी, ती जी ओळ एंटर दाबून तुम्ही घालवता, तीच खरी तक्रार आहे.

काही कंपन्यांच्या गोल जॅकमध्ये मधोमध केसासारखी बारीक पिन असते. तिच्यातून वीज येत नाही, चार्जरची ओळख येते : मी इतक्या वॉटचा आहे. पिन वाकली, तुटली किंवा आतली तार सुटली की लॅपटॉपला चार्जर अनोळखी होतो. मग तो बॅटरी भरायचं नाकारतो आणि अनोळखी चार्जरवर भार नको म्हणून प्रोसेसर मुद्दाम हळू चालवतो. तुमचं मशीन मंद आहे ते यामुळे. बायोस उघडा, तिथे अडॅप्टरचा प्रकार लिहिलेला असतो. ६५ किंवा ९० वॉट दिसायला हवं. 'अननोन' दिसलं तर निदान झालं.

१९.५ व्होल्टवर विसंबू नका. तो आकडा रिकाम्या हाताचा आहे. केबल आतून तुटत आली असेल तर भार नसताना पूर्ण व्होल्ट दाखवते आणि लॅपटॉप जोडला की बसते. त्याच मॉडेलचा दुसऱ्याचा चार्जर दहा मिनिटं मागून लावा. त्याने चालला तर दोष चार्जरचा, नाही चालला तर जॅकचा किंवा बोर्डाचा.

अजिंक्यतारा | २६ मार्च, सकाळी ८:१५

दादा, आता माझा पण प्रश्न सोडवाच. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. ग्राफिक्स कार्डवाला लॅपटॉप, मूळ चार्जर १८० वॉटचा, विटेएवढा जड. लग्नघरी न्यायला सोपा म्हणून तो १०० वॉटचा टाइप-सी घेतला. रेंडर, म्हणजे एडिट केलेल्यातून अंतिम व्हिडिओ बनवायला, लावला की चार्जिंग चालू दिसतं आणि तासात ४० टक्के जातात.

मिरज जंक्शन | २६ मार्च, सकाळी ९:३०

१८० वॉट खाणाऱ्याला १०० वाढले, तर उरलेले तो बॅटरीतून काढणारच. यात बिघाड काही नाही. कार्यालयात फोटो निवडणं, कॉपी करणं यासाठी छोटा चार्जर उत्तम. रेंडर घरी, मूळ चार्जरवर कर.

मूळ चार्जरवरही पूर्ण जोराच्या रेंडरमध्ये १०० चे ९४-९५ झाले तर घाबरू नको. प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकदम जोर लावतात तेव्हा क्षणभराची वाढीव मागणी बॅटरीने उचलायची, अशीच काही लॅपटॉपची रचना असते. काम संपलं की ते परत भरतात. तासाला २०-३० जायला लागले तर मात्र माझ्याकडे घेऊन ये.

विट्याचा माग | २६ मार्च, सकाळी १०:४०

माझ्या चार्जरच्या पिना बघितल्या. एका पिनेच्या मुळाशी डाग होता, आणि सॉकेट दाबलं की किरकिर. स्टॅबिलायझर काढला, सॉकेट बदललं. काका, वेळेवर लिहिलंत.

तासगावची | ३१ मार्च, रात्री ८:२०

आज वर्षअखेर झाली. फोन आणि पंखा वेगळे केल्यापासून सहा दिवसांत बॅटरी एकदाही ९५ च्या खाली आली नाही. दुपारी तासभर वीज गेली तेव्हाच काय ती उतरली, आणि परत भरली. चार्जरच्या सी१ भोकाभोवती लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय, माझ्या जागी दुसरं कुणी बसलं तरी चुकायला नको. वाचलेल्या ४,२०० मधून दुकानासाठी तसला टेस्टर घेतला. शेजारच्या दोन दुकानांनी तो आजच मागून नेला.

मिरज दादा, हंगाम संपला की बेदाण्याची पेटी घेऊन येणार आहे, नाही म्हणायचं नाही.

माणदेशी | २ एप्रिल, सायंकाळी ६:५०

उशीर झाला कळवायला. बायोसमध्ये 'अननोन'च होतं. पुतण्याकडं त्याच कंपनीचा चार्जर होता, तो लावला तर लगेच ९० वॉट दाखवलं आणि चार्जिंग सुरू. आमच्या चार्जरच्या टोकात टॉर्च धरून बघितलं, मधली पिन कडेला चिकटलेली. पोरांच्या पायात केबल अडकून लॅपटॉप एकदा ओढला गेला होता, तेव्हाच वाकली असणार. चिमट्यानं सरळ करायला गेलो तर मोडलीच.

सांगलीतनं नवीन आणला, ९० वॉटचाच. बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्युरोची, खूण आणि 'आर' पुढचा आठ आकडी नंबर बघूनच घेतला. मशीन आता इतकं पळतंय की नवं घ्यायचं ठरवलेलं रद्द केलं. केबल आता टेबलाच्या पायाला बांधून घेतलीय.